खाऱ्या माळावरचे तुडतुडे

४ फेब्रुवारी

आलो बुवा एकदाचा! दाढीत वाळू, डोळ्यांत वाळू, चहाच्या कपात तळाशी वाळू. आणि तरी मन कसं मोठ्या सुटीच्या पहिल्या दिवसासारखं हलकं झालं आहे.

लेक दारातच उभी होती. डोक्यावर काठाची टोपी, पायात पुरुषी बूट, उन्हानं रापलेला चेहरा. आमची ही असती तर आधी पोरीच्या रंगावरून बोलली असती आणि मग तोंड फिरवून डोळे टिपले असते. आता दोन्ही कामं माझ्याकडे आली आहेत. पहिलं मी केलं. दुसरं लेकीनं पाहिलं नाही असं धरून चालतो.

मला आणायला जी जीप आली तिच्या ड्रायव्हरला सगळे पंक्चर म्हणतात. असं का, विचारलं तर म्हणाला, गाडी एकदाच झाली मास्तर, मी मात्र कायमचा झालो. वाटेत त्यानं हळूच विचारून घेतलं की मॅडम एवढं शिकून इथे नेमकं करतात काय. मी म्हटलं, तुडतुडे मोजते. तो म्हणाला, बरं आहे की, चार कमी भरले तरी कोण विचारायला येतंय.

माझंही ज्ञान त्याच्याहून फारसं पुढे नव्हतं. तुडतुडा म्हणजे पिकाचा रस पिणारा किडा, एवढंच ठाऊक. लेक म्हणते, तसं नाही हो बाबा. या वाळवंटात त्यांच्या जाती किती, कुठली कुठे राहते आणि कुठे राहत नाही, हे अजून कुणी नीट पाहिलेलंच नाही. तिचा मदतनीस लग्नासाठी म्हणून गेला तो गेलाच. तिला बारीक अक्षराचा माणूस हवा होता, आणि मला कुणीतरी बोलायला हवं होतं. ही गेल्यापासून घरी भिंतींना कविता म्हणून दाखवत होतो. भिंती काही शाबास म्हणत नाहीत.

घर म्हणजे ओळीनं तीन खोल्या. भिंती मातीच्या, पण दारं, चौकटी, खाटा सगळं जाड जुन्या लाकडाचं. मधल्या खोलीत खिडकीच्या चौकटीलाच ठोकून बसवलेलं लांबलचक टेबल आहे. अख्खा वर्ग कडेनं बसेल एवढं. खिडकीतून वाळूच्या टेकड्या दिसतात आणि त्यांच्या पलीकडे एक पांढरी रेघ, खडूनं ओढल्यासारखी. तो खारा माळ, लेक म्हणाली. तिथे गवताचं पातंसुद्धा उगवत नाही.

मार्चअखेर भिंगरी येणार. भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. सध्या शहरात बापाजवळ आहे. ती येईपर्यंत या घराला थोडं घरपण आणायचं आहे. उद्या आधी पडदे झटकतो.

७ फेब्रुवारी

कामाला लागलो. या वयात कुणी ‘बाबा, हे तुम्हीच करा’ म्हटलं की माणूस आपोआप ताठ बसतो.

सकाळी लेक आणि मी झुडपांवरून जाळी फिरवतो. पांढऱ्या कापडाची पिशवी असलेली जाळी, फुलपाखरं धरायला असते तशी. पिशवीत जे उड्या मारतं ते ओढनळीनं टिपायचं. ही ओढनळी मोठी मजेची वस्तू आहे. एक काचेची बाटली, तिच्या बुचातून दोन नळ्या. एक नळी किड्यापाशी न्यायची, दुसरी तोंडात धरायची आणि श्वास ओढायचा. किडा सर्रकन बाटलीत. तोंडाच्या नळीला आतून बारीक जाळीचं फडकं बांधलेलं असतं, नाहीतर किडा सरळ घशात. पंक्चर तिला मॅडमचा हुक्का म्हणतो.

तुडतुडा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. तांदळाच्या कणीएवढा, पाचरीसारखा निमुळता. कुणी हिरवा, कुणी वाळक्या गवताच्या रंगाचा, एकाच्या पाठीवर तर चक्क तांबडी नक्षी. आपण बघायला गेलो की तो उडत नाही लगेच. आधी तिरका तिरका सरकतो आणि काडीच्या पलीकडच्या बाजूला जातो. आपण तिकडे वाकलो की तो इकडे. मागच्या बाकावरची पोरं अशीच असायची.

शिवाय हे नटवे आहेत. स्वतःच्याच अंगातून एक पांढरी भुकटी काढतात आणि मागच्या पायांनी सगळ्या अंगाला चोपडतात. पाणी पडलं तरी घरंगळून जातं. लेकीनं भिंगाखाली दाखवलं. मी म्हटलं, हा तर खडूचा चुरा! आयुष्यभर मीही हेच केलं की.

दुपारी कागदाच्या टोकावर एकेक किडा चिकटवायचा, टाचणी टोचायची आणि खाली चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि कुठल्या झाडावर सापडला ते. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. प्रत्येक जातीचं आपलं ठरलेलं झाड असतं. काय पितो ते कळल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही, असं लेक म्हणते.

भिंतीवर नकाशा आहे. कोरड्या ओढ्याकाठी ठिपक्यांची गर्दी, टेकड्यांवर तुरळक, आणि खाऱ्या माळावर एकही नाही. तिथेही ती चिकट पिवळे पत्रे लावणार आहे, रंगाला भुलून किडे येऊन चिकटतात तसले. काहीच मिळणार नाही, पण काही नाही हेही लिहावं लागतं म्हणे. मला हे फार आवडलं.

१२ फेब्रुवारी

आज कानांनी असं काही ऐकलं की दिवसभर जमिनीवर पाय ठरला नाही.

तुडतुडे बोलतात! हवेतून नाही, काडीतून. पोट थरथरवतात, ती थरथर देठातून जाते आणि दुसऱ्याच्या पायांना कळते. आपल्या कानांना शून्य. लेकीनं जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई एका तारेला जोडून ठेवली आहे. ती कुंडीतल्या झुडपाच्या देठाला टेकवली आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवले. दूर कुठेतरी करवत चालावी, मग कुणी घुमावं, मग चिपळीसारखं काही. एवढ्याशा झुडपात एवढी मैफल, आणि जगाला पत्ता नाही.

लेकीनं समजावून सांगितलं. नर आपली ओळ म्हणतो आणि थांबतो. मादीनं उत्तर दिलं तर तो तिच्या दिशेनं थोडा सरकतो, पुन्हा म्हणतो, पुन्हा थांबतो. असं करत तिच्यापर्यंत पोचतो. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या झाडावर उडी मारून पहिल्यापासून सुरुवात. काही जाती तर दुसऱ्याची चाल चोरतातही. मी म्हटलं, अगं हा तर आमचा खेळ!

आमचा म्हणजे माझा आणि भिंगरीचा. ती लहान असताना तिच्यासाठी दोन ओळी जुळवल्या होत्या:

वाळूवरुनी उंट निघाला
पाठीवरती चांद कशाला

कशाला ते मलाही ठाऊक नाही, तिला तर त्यातच गंमत वाटते. मात्रा मात्र चोख बसल्या आहेत. दोन्ही ओळींची चाल अक्षराला अक्षर सारखी. मी टेबलावर बोटाच्या पेरानं पहिली ओळ वाजवायची, शब्द न बोलता, आणि तिनं दुसरी वाजवून उत्तर द्यायचं. कुठेही असो, जेवताना असो, रागावलेली असो, पहिली ओळ ऐकली की तिला राहवतच नाही.

इथे फोनला रेंज फक्त त्या मोठ्या टेबलाच्या खिडकीशी मिळते. संध्याकाळी फोन टेबलावर ठेवला आणि वाजवलं. पलीकडून ताबडतोब उत्तर. जावईबापू मागून ओरडत होते की अभ्यासाच्या वेळी आजोबांनी नादी लावू नये. लेक हसत होती. किती दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं.

१९ फेब्रुवारी

खाऱ्या माळावरचे पिवळे पत्रे काढायला गेलो होतो. काहीच मिळणार नाही असं जिथे धरलं होतं तिथले पत्रे अक्षरशः भरले होते.

सगळे एकाच जातीचे. मिठाच्या रंगाचे, बारीक, डोक्यावर दोन काळे ठिपके. त्यांची पिल्लं तर खसखशीएवढी. लेकीनं असा तुडतुडा कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही. आनंदानं तिनं तोच पत्रा मला तीनतीनदा दाखवला. पण लगेच तिनं भुवया आकसल्या. नजर जाईल तिथवर मीठ आणि तडे. झाड नाही, झुडूप नाही. मग हे पितात काय?

पंक्चरचं उत्तर तयार होतं: दुसरं काय, आपल्या मॅडमचं डोकं.

परतताना माळाच्या कडेला शेळ्यांचा कळप दिसला. राखणारं कुणी नव्हतं. भर दुपारी, सावली नसताना, मोडक्या कुंपणाच्या खांबांना कपाळ टेकवून सगळ्या उभ्या होत्या. चरत नव्हत्या. माना हलत नव्हत्या. मधूनच सगळ्या एकदम खूर आपटायच्या आणि थांबायच्या. पुन्हा आपटायच्या, पुन्हा थांबायच्या. समोरून काहीतरी यायचं बाकी असावं तसं. मग कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला एका शेळीनं खूर आपटला, आणि अख्खा कळप तिच्या दिशेनं एक पाऊल सरकला. तिरका.

पंक्चर एरवी शेळ्या बघितल्या की हॉर्न वाजवून त्यांची भंबेरी उडवतो. आज त्यानं गाडी लांबून काढली आणि घर येईपर्यंत एकही विनोद केला नाही.

लेकीनं जिवंत तुडतुड्यांच्या दोन बाटल्या आणल्या आहेत. टेबलावर ठेवल्या. त्यांच्या चिठ्ठीवर झाडाची जागा कोरी सोडली. सुई लावून पाहिली तर हे अगदी गप्प. बाकी सगळे बोलतात, हे नुसते ऐकत असल्यासारखे बसलेले.

२४ फेब्रुवारी

ओढनळ्या धुऊन वाळत घातल्या होत्या. वारा असा सुटला की जाळीची फडकी उडून गेली, अंगणभर शोधली तरी सापडली नाहीत. नवी यायला पंक्चरची पुढची फेरी.

लेकीला उद्याच खाऱ्या माळावर जायचं होतं. मी म्हटलं, थांब. माझ्या पेटीत हिचा मलमलीचा रुमाल आहे. धुऊन धुऊन इतका तलम झालेला की फुंकर मारली तर हातातून उडेल. त्याच्या कोपऱ्यावर तिनं स्वतः दोऱ्यानं फूल काढलं होतं. फूल जपून बाजूला ठेवलं आणि उरलेल्याचे चौकोन कापून नळ्यांना बांधले. आईचा रुमाल कापलात, लेक म्हणाली. मी म्हटलं, पेटीत राहून तरी काय करत होता बिचारा. आता तिचा हात तुझ्या कामाला लागला.

बोलताना माझा आवाज भरून आला, आणि मला ते छानही वाटलं. म्हातारपणी माणूस असल्या गोष्टींवर जगतो.

३ मार्च

गेला आठवडा रोज खारा माळ. नळी ओढून ओढून दोघांचेही घसे बसले आहेत. घशात कोंड्यासारखं काहीतरी टोचतं. खाकरलं तरी निघत नाही.

आज लेकीनं माझी नळी उजेडात धरली. हिच्या रुमालाच्या मधोमध विरून भोक पडलं होतं. मोठं नाही, खसखशीचा दाणा जाईल एवढं. मग तिनं स्वतःची पाहिली. तिच्यातही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. ती म्हणाली, पोटात गेलं असेल तर पचून जाईल, किडेच तर आहेत. पंक्चर म्हणाला, आता मास्तरांना मोजताना आत टॉर्च मारावा लागेल. हसलो सगळे.

सकाळी माझ्या उशीवर खडूचा चुरा होता. बोटांनी चोळून पाहिला. तोच मऊपणा. वर्गाचा वास आठवला, फळ्यासमोरची सकाळची तिरीप आठवली. झटकायचं जिवावर आलं.

मग लक्षात आलं की मी खडू हातात धरून कित्येक वर्षं झाली.

११ मार्च

लेकीचं खाणं सुटलं आहे. पाणी मात्र मागते, मीठ घालून. दुपारी दाराच्या चौकटीला कपाळ टेकवून उभी असते. काय गं, विचारलं तर म्हणते, गार वाटतं बाबा.

मी हट्टानं तिला गावातल्या डॉक्टरकडे नेलं. जीपमध्ये तिनं कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं ते शेवटपर्यंत काढलं नाही. डॉक्टर हसतमुख. घशात बॅटरी मारून बघितली, धुळीचा त्रास म्हणाले, गुळण्या लिहून दिल्या. मला म्हणाले, आलाच आहात तर तुम्हालाही बघतो. पाठीवर एक हात ठेवून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोकतात तसं ठोकलं.

टक टक.

आत, बरगड्यांच्या मागे, काहीतरी एकदम थांबलं. कान टवकारतात तसं. आणि मग डॉक्टरांच्या बोटाच्या दिशेनं थोडंसं सरकलं.

मी शर्ट घातला. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. मी फी ठेवून निघालो. काय सांगणार होतो?

१७ मार्च

हे नीट लिहायला हवं. हात स्थिर आहे तोवर लिहितो.

दुपारी लेक टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. मी कुंडीतल्या झुडपाचं ऐकत होतो, तेवढीच करमणूक. सुई देठावरून निसटली आणि तिच्या हातावर पडली. हेडफोन माझ्या कानांवर होते.

आधी नुसती घुमघुम. मग स्पष्ट. दोन लांब, दोन आखूड, एक लांब. एक लांब, दोन आखूड, दोन लांब.

वाळूवरुनी उंट निघाला.

मग थांबणं.

पुन्हा पहिल्यापासून.

इतके दिवस त्या बाटल्या याच टेबलावर होत्या. याच टेबलावर मी रोज भिंगरीसाठी वाजवत होतो. गप्प बसून ते माझी ओळ पाठ करत होते. माझ्या कुठल्याही वर्गानं इतकी चोख पाठ केली नसेल.

सुई मी माझ्या गालफडाला लावली. तिथेही तेच. पहिली ओळ. थांबणं. पहिली ओळ. थांबणं. दोघांतही नुसते विचारणारेच. उत्तर देणारं इथे कुणी नाही.

दुसरी ओळ वाजवून उत्तर देणारी जगात एकच मुलगी आहे.

ती कोरी जागा — झाडाची — तिथे काय लिहायचं ते आता मला ठाऊक आहे. लिहिणार नाही.

२२ मार्च

लेक बोलत नाही. मी खोलीत आलो की ती चौकटीच्या पलीकडे सरकते. मी पलीकडे गेलो की अलीकडे. चेहरा दिसत नाही, फक्त बोटं — चौकटीवर.

आज हात धुताना पाहिलं. पाणी तिच्या हाताला लागतच नाही. थेंब होऊन घरंगळतं. तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ती होती. माझीच पोर होती. ओठ हलले. बाबा, भिंगरीला — एवढंच म्हणू शकली. बाकी सगळी खडूची धूळ.

मी म्हटलं, नाही येऊ देणार. शप्पत.

पंक्चर जिन्नस टाकून गेला. दारातूनच. आत या म्हटलं नाही, त्यालाही यायचं नव्हतं. त्याला सांगितलं की नातीला आणायला जायचं नाही. तो म्हणाला, जावईसाहेबांशी ठरलंय मास्तर, ते नको म्हणाले तर नाही जात.

मग आज फोन करतो. आज बोलायलाच हवं.

२६ मार्च

चार वेळा फोन हातात घेतला. शब्द घशाशी येतात आणि तिथे त्यांना कुणीतरी —

आज लागला. जावईबापू खुशीत. म्हणाले, बॅग भरून बसली आहे तुमची नात, दिवसभर भिंतीवर टकटक, डोकं उठवलंय, आता तुम्हीच सांभाळा. मी म्हणालो, पाठवू नका. म्हणालो असं मला वाटलं. आवाज आला नाही. नुसता खोकला. पांढरा.

लेकीनं माझ्या हातून फोन घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, स्वच्छ, तिच्याच आवाजात म्हणाली, ये गं लवकर, वाट बघतेय.

तो आवाज तिचा होता. ती नव्हती.

मग फोन टेबलावर ठेवला आणि नखानं वाजवलं. वाळूवरुनी उंट निघाला. पलीकडून हसण्याचा आवाज, आणि उत्तर. पाठीवरती चांद कशाला. फोनमधून, टेबलातून, खुर्चीच्या पायांतून, माझ्या हाडांतून.

किती गोड वाटलं ते लिहवत नाही.

लेक एक पाऊल पुढे सरकली. मीही.

२८ मार्च

जावईबापूंना पुन्हा फोन करायचा होता. फोन सापडत नव्हता. पाण्याच्या पिंपात सापडला. लेकीनं टाकला असणार.

माझी बाही ओली आहे.

३० मार्च

ती उद्या येणार. पंक्चर आज पहाटेच निघाला असेल.

शहाणपण थोडं थोडं येतं, दुपारी जातं. आलं तेव्हा केलं. दाराला आतून कुलूप. किल्ली मोरीच्या भोकातून खाली. खिडक्यांना गज आहेत. लेकीला खाटेला बांधायला गेलो — नाही झालं. तिनं विरोध नाही केला. माझ्याच हातांनी गाठ मारली नाही.

पिवळ्या पत्र्यांच्या मागे शाईनं मोठं लिहून काचेला लावलं. उतरू नका. पोरीला परत न्या. माझं बारीक अक्षर आयुष्यात पहिल्यांदा कुचकामी.

हिच्या रुमालाचं ते फूल खिशात ठेवलं आहे. तिला सांगतो, बघ गं, तुझ्या लेकीच्या लेकीला —

३१ मार्च

जीप. ऐकू आली नाही. जमिनीतून कळली.

उजवा हात मांडीखाली दाबून बसलो आहे. डाव्या हातानं लिहितो. अक्षर वाकडं.

पंक्चर थांबला. वाचतोय. वाचलं! गाडी वळवतोय. भला माणूस — भला —

दार उघडलं जीपचं. भिंगरी. एका जागी ठरत नाही पोर. उडी मारून पळत सुटली. पंक्चर मागून ओरडतोय. तिची टोपी पडली.

खिडकीशी आली. केस केवढे वाढले. हसतेय. आजोबा, दार उघडा ना, म्हणतेय. लेक माझ्या शेजारी आहे, कपाळ चौकटीवर. तिचे डोळे भरलेत. बोट उचलतेय —

तिनं वाजवली. पहिली ओळ.

माझा हात मांडीखालून निसटला. मीही —

भिंगरीनं कान चौकटीला लावला. ओळखली. बोटाची पेरं वर —

नको बाळा. सगळ्यांना पाठ करायला लावलं मी जन्मभर. तू विसर. एवढी एकच ओळ विसर. येत नाही म्हण. मी रागावणार नाही, भिंगरे, मी —

ओरडतोय. खडू. नुसता खडू.

वाजवतेय. बरोबर वाजवतेय. एक मात्रा चुकत नाही.

पाठीवरती चां